सुक्याबरोबर ओलंही जळतं तेव्हा

ताई, नमस्कार.

मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही दोघं मिळून सहा वर्षं एक टेक्स्ट गेम चालवतोय. चित्रं नाहीत, आवाज नाही. वाचायचं आणि टाइप करायचं. संध्याकाळी तीस-चाळीस जण असतात. दोन महिन्यांपूर्वी आम्ही एका जुन्या खेळाडूला काढून टाकलं. कोडमधल्या एका चुकीचा फायदा घेऊन तो वस्तूंच्या नकला करायचा आणि त्या गेममध्ये विकायचा. तेव्हापासून तो रोज रात्री नव्या नावाने येतो. सार्वजनिक चॅनलवर शिव्या देतो, शेकडो ओळींचा कचरा ओततो, नवख्यांचा पाठलाग करून त्यांना मारतो. आयपी पत्ता बॅन केला की दहा मिनिटांत दुसऱ्या पत्त्यावरून हजर. हे सगळे पत्ते एकाच इंटरनेट कंपनीचे आहेत. मैत्रीण म्हणते, ती कंपनीच बॅन करू, एकदाचा विषय संपेल. पण आमच्या चार जुन्या खेळाडूंकडेही त्याच कंपनीचं नेट आहे. त्यातली एक दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर खेळते, पाच वर्षं आमच्याकडे आहे. एकासाठी चौघांना बाहेर काढायचं का? आणि नाही काढलं तर बाकीचे कंटाळून जातील, त्याचं काय? यावरून आमचं दोनदा भांडण झालंय.

– थकलेला अ‍ॅडमिन

उत्तर आधी सांगते, कारण आज रात्रीही तुम्हाला जागायचंय. कंपनी सरसकट बॅन करू नका. त्या कंपनीकडून नवी पात्रं तयार होणं मात्र आजच बंद करा, तेही फक्त सात दिवसांसाठी. तुमचे चारही जुने खेळाडू आत राहतील, मैत्रिणीला जरा झोप मिळेल, आणि खरं काम करायला तुम्हाला आठवडा मिळेल. ते खरं काम कोणतं, हे सांगण्यासाठी बाकीचं पत्र.

तुम्ही एका वाक्यात उल्लेख करून पुढे गेलात, पण मला पत्रातली सगळ्यात जड गोष्ट ती स्क्रीन रीडरवाली खेळाडू वाटली. डोळ्यांनी वाचणारा माणूस तीनशे ओळींचा कचरा बोटाने वर सरकवतो आणि पुढे जातो. तिच्याकडे तो आवाज एकेक ओळ वाचत बसतो. त्या ढिगात कुणी तिला हाक मारलेली असते, तिच्या पात्रावर कुणी वार केलेला असतो, ती ओळ तिला वेळेवर ऐकूच येत नाही. वाचन थांबवायची कळ दाबली तर कचऱ्याबरोबर कामाचं वाक्यही जातं. म्हणजे या माणसाचा त्रास सगळ्यात जास्त तिला होतोय, आणि कंपनी बॅन केलीत तर शिक्षाही तिलाच. डोळस खेळाडूंच्या बरोबरीने, त्यांच्याच वेगाने खेळता येतील असे ऑनलाइन खेळ दृष्टिहीनांना फार थोडे आहेत, आणि टेक्स्ट गेम हे त्यातले जुने आणि हक्काचे. तुमच्याकडून बाहेर पडून ती दुसरीकडे सहज रमेल, असं मानू नका.

आता तो दहा मिनिटांत परत कसा येतो, ते बघू. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळालेला क्रमांक. जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे जगभरात मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते. ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून कंपन्या एक पत्ता अनेक घरांमध्ये वाटून वापरतात. २०१२ मध्ये तर अशा वाटपाच्या आतल्या जोडणीसाठी सुमारे ४२ लाख पत्त्यांचा एक गटच वेगळा राखून ठेवला गेला. तुमच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, जो पत्ता दिसतो, त्याच्यामागे शेकडो घरं असू शकतात. राउटर बंद करून चालू केला की त्याला बहुतेक वेळा दुसरा पत्ता मिळतो, आणि त्याने टाकून दिलेला पत्ता थोड्या वेळाने दुसऱ्याच कुणाच्या तरी वाट्याला येतो. तुम्ही दोन महिन्यांत जे पत्ते बॅन केलेत, ते आज कुणाकडे आहेत हे तुम्हाला सांगता येणार नाही. ती यादी आजच रिकामी करा, असं मी आग्रहाने सांगेन. त्यात तो माणूस आता नाही. असलाच तर एखादा सज्जन नवखा असेल, जो तुमच्या दारावरून परत गेला.

नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही६ च्या पत्त्याचं गणित आणखी वेगळं आहे. तो १२८ बिटांचा. त्यातला पहिला अर्धा भाग साधारणपणे घराच्या जोडणीचा असतो आणि उरलेला अर्धा घरातली यंत्रं स्वतः ठरवतात, वरचेवर बदलतातही. त्यामुळे तिथे एकेक पत्ता बॅन करणं म्हणजे पाण्यावर रेघ ओढणं. करायचंच झालं तर पहिले ६४ बिट धरून करा.

मैत्रिणीचा उपाय कुठून आला असेल, याची मला कल्पना आहे. जुन्या अ‍ॅडमिन मंडळींच्या तोंडी ‘साइट बॅन’ हा शब्द असायचाच. मी शिकले तेव्हा मलाही तोच पहिला उपाय शिकवला होता, आणि त्या काळात तो चुकीचा नव्हता. या खेळांचा जन्मच विद्यापीठांमधला. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने पहिला मड, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचा टेक्स्ट गेम, लिहायला घेतला, पुढे तो रिचर्ड बार्टलने सांभाळला. १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डिकूमड बाहेर आणला आणि त्याच्या कोडवर असंख्य गेम उभे राहिले. खेळणारेही बहुतेक विद्यार्थीच. ‘साइट’ म्हणजे तेव्हा एखाद्या विद्यापीठाची एखादी लॅब, आणि येणाऱ्याच्या यंत्राच्या नावावरूनच ती कोणती ते कळायचं. हे कनेक्शन तुमच्याकडल्या कोणत्या वापरकर्त्याचं, असं त्या यंत्रालाच विचारायचीही सोय होती. १९९३ मध्ये आयडेंट या नावाने ती रीत पक्की झाली. त्या लॅबला एक सिस्टिम अ‍ॅडमिन असायचा. तुम्ही साइट बॅन केली की तिथले बाकीचे खेळणारे संतापायचे, ते त्या उपद्रवी पोराला नावाने ओळखत असायचे, आणि दोन दिवसांत तुम्हाला लॅबच्या अ‍ॅडमिनचा मेल यायचा की त्याचं खातं बंद केलंय, आमच्या बाकीच्या मुलांना आत घ्या. बॅन म्हणजे एका माणसाने दुसऱ्या जबाबदार माणसाला मारलेली हाक होती, आणि पलीकडून ओ यायची.

आजच्या कंपनीकडे ती ओ देणारं माणूस नाही. लाखो ग्राहकांपैकी चौघांना एका छोट्या गेममध्ये शिरता येत नाही, हे तिला कधी कळणारही नाही. तुमचे चार खेळाडू त्या उपद्रव्याला ओळखत नाहीत, त्याच्यावर त्यांचा दाब नाही. हत्यार तेच राहिलं, पण ते ज्या नात्यांवर चालायचं ती नाती उरली नाहीत.

आता माझ्या हातून घडलेलं सांगते. हे मी सहसा लिहीत नाही.

आमच्या गेममध्येही असाच एक जण यायचा. मी वैतागून त्याच्या कंपनीच्या नावातली चार अक्षरं बॅनच्या यादीत टाकली. आमचं कोड सर्कलमडचं होतं, १९९३ मधलं, डिकूच्याच घराण्यातलं. त्यात बॅनची तुलना फार साधी: यादीतला मजकूर येणाऱ्याच्या यंत्राच्या नावात कुठेही सापडला की दार बंद. ती चार अक्षरं एका विद्यापीठाच्या नावातही येत होती. मला याचा पत्ताच नव्हता. संध्याकाळची संख्या चाळीसवरून छत्तिसावर आली. परीक्षा असतील म्हणून मी सोडून दिलं. तक्रार एकही आली नाही. येणार कुठून? तक्रारीची जागा गेमच्या आत होती.

पाच आठवड्यांनी एका खेळाडूचं पत्र आलं. कुठूनतरी माझा मेल मिळवून त्याने लिहिलं होतं. तो आमच्याकडे तीन वर्षं होता, अबोल, नवख्यांना नकाशे काढून देणारा. त्याची समजूत अशी झाली होती की शेवटच्या रात्री एका चर्चेत आपण जरा जोरात बोललो, त्याचा राग धरून ताईंनी आपल्याला काढलं. त्या रात्रीचा लॉग त्याने जपून ठेवला होता आणि आपलं नेमकं कुठे चुकलं ते शोधायला तो पुन्हा पुन्हा वाचत होता. पत्रात त्याने स्वतःच्या तीन ओळी उतरवल्या होत्या आणि विचारलं होतं, यातली कोणती? मी आणखी नीट बोलायला हवं होतं का?

त्यातली कोणतीच नव्हती. मी त्याच दिवशी बॅन काढला, त्याची माफी मागितली. तो आला, पण पहिल्यासारखा रमला नाही, आणि वर्षभरात दिसेनासा झाला. ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं होतं, तो मात्र दुसऱ्याच रात्री वेगळ्या नेटवरून आत आला होता.

म्हणून सांगते, मोठ्या बॅनचं नुकसान तुम्हाला दिसत नाही. उपद्रवी माणूस दिसतो, कारण तो आरडाओरडा करतो; बाहेर राहिलेला गप्प निघून जातो. आणि हे फक्त छोट्या गेममध्ये घडतं असं नाही. २००७ च्या सुरुवातीला विकिपीडियावर उपद्रवामुळे एक पत्ता बॅन झाला, आणि नंतर लक्षात आलं की कतार देशातली जवळजवळ सगळी रहदारी त्या एकाच पत्त्यामागून येत होती. एका पत्त्यासाठी अख्ख्या देशाचं निनावी संपादन बंद पडलं. तिथे गाजावाजा झाला, बॅन उठला. तुमच्या चौघांसाठी कुणी गाजावाजा करणार नाही.

आता तुमच्या सात दिवसांकडे येते.

तुमचा गेम कोणत्या कोडवर आहे ते तुम्ही लिहिलं नाही. सर्कलमड किंवा त्याच्या जवळपासचं काही असेल तर बॅनच्या तीन पायऱ्या तुमच्याकडे आधीच आहेत: पहिलीत फक्त नवी पात्रं अडतात, दुसरीत तुम्ही खूण केलेलेच आत येतात, तिसरीत सगळे अडतात. पहिली वापरा. दुसरीची वेळ आलीच तर चौघांच्या पात्रांवर आधी खूण करा, मग बॅन लावा. उलट क्रमाने केलंत तर ती दृष्टिहीन खेळाडू नेमकी मधल्या तासात येईल. तिसरीला हात लावू नका. आणि कंपनीचं नाव टाइप करताना माझी चार अक्षरं आठवा. नावाऐवजी पत्त्यांच्या रेंज घालता आल्या तर त्याच घाला.

दाराशी काय लिहिलेलं दिसतं, याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. तुमच्या कोडमध्ये तिथे बहुधा ‘तुमची साइट बॅन आहे’ अशा अर्थाची एक तुटक ओळ असेल. ती काढा आणि असं काही लिहा:

‘या नेटवर्कवरून नवीन पात्र तयार करणं अमुक तारखेपर्यंत बंद आहे. यात तुमची काही चूक नाही. जुनं पात्र असेल तर नेहमीसारखं लॉगिन करा. नवीन हवं असेल तर या पत्त्यावर मेल करा, आम्ही एका दिवसात उत्तर देऊ.’

कारण लिहिलं नाही ते मुद्दाम. हा मजकूर तोही वाचणार आहे, आणि आपल्यामुळे एवढ्या लोकांचं दार बंद झालं हे त्याला कळलं तर ते तो बक्षिसासारखं मिरवेल. ‘तुमची काही चूक नाही’ हे वाक्य मात्र कोणत्याही परिस्थितीत काढू नका.

तो परत येईलच. मोबाइलच्या नेटवरून येईल, नाहीतर व्हीपीएन, म्हणजे स्वतःचा पत्ता लपवणारी सेवा, घेऊन येईल. तोवर आतली व्यवस्था बदललेली हवी, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे. आज तुमच्या गेममध्ये एका मिनिटापूर्वी जन्मलेलं पात्र चाळीस जणांच्या समोर वाटेल तितकं बोलू शकतं. इतकं स्वस्त व्यासपीठ आहे म्हणून तो येतो. नव्या पात्राला सार्वजनिक चॅनल पहिले दोन तास खेळल्यावर उघडू द्या. तोपर्यंत त्याला एक वेगळं मदतीचं चॅनल असू दे, जे फक्त नवखे आणि मदत करायला राजी असलेले जुने लोक ऐकतात. दोन तास इमानेइतबारे उंदीर मारत बसायचं आणि मग वीस सेकंद शिव्या देऊन पुन्हा बाहेर फेकलं जायचं, हा सौदा त्याला फार दिवस परवडणार नाही.

ओळींचा पूर अडवणं तर त्याहून सोपं. एका पात्राकडून दहा सेकंदांत पाचपेक्षा जास्त ओळी आल्या की पुढच्या ओळी सर्व्हरनेच गिळायच्या. तीच ओळ लागोपाठ आली तर दुसऱ्यांदा कुणाला पाठवायचीच नाही. एका दुपारचं काम आहे. हे सगळ्यात आधी करा, त्या स्क्रीन रीडरवालीसाठी. शिवाय तिला विचारा की ती कोणता क्लायंट, म्हणजे गेमला जोडून देणारा प्रोग्राम, वापरते. दृष्टिहीन खेळाडूंमध्ये मशक्लायंट बराच वापरला जातो, आणि त्यात ठरावीक नमुन्याच्या ओळी दाबून टाकता येतात. सार्वजनिक चॅनलची प्रत्येक ओळ एकाच ठरलेल्या खुणेने सुरू होत असेल तर गडबडीच्या वेळी ती अख्खं चॅनल स्वतःच्या हाताने गप्प करू शकेल. ती खूण देणं तुमच्या हातात आहे.

मारामारीचंही तसंच. नव्या पात्राला दुसऱ्या खेळाडूवर हल्ला करता येऊ नये आणि त्याच्यावरही कुणाला करता येऊ नये, जोवर ते स्वतःहून तशी संमती देत नाही. जुने लढवय्ये थोडी कुरकुर करतील. करू द्या.

काही जण तुम्हाला एक क्लृप्ती सुचवतील: त्याला म्यूट करायचं, पण कळू द्यायचं नाही. त्याला स्वतःच्या ओळी दिसतात, बाकी कुणाला दिसत नाहीत. क्लृप्ती चालते, हे खरं. मला ती पटत नाही. चुकून एखादा खरा नवखा तिच्यात अडकला तर तो तासन्‌तास ‘कोणी आहे का?’ विचारत राहतो आणि त्याला वाटतं, इथले लोक माणूसघाणे आहेत. म्यूट करा, पण तसं त्याला एका ओळीत सांगा.

आणि त्याच्याबद्दल चॅनलवर बोलणं आजपासून बंद. रिचर्ड बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव मांडले होते. त्यातल्या एकाला इतरांना छळण्यातच मजा येते, आणि समोरच्याची तडफड हीच त्याची कमाई असते. तुम्ही त्याला काढताना घोषणा करता, लोक टाळ्या वाजवतात, दोघे-तिघे त्याला सुनावतात. हे सगळं त्याच्या गाठीला जातं. नाव काढायचं नाही, घोषणा नाही, उत्तर नाही. कुणीतरी बघतंय, काम करतंय, एवढं खेळाडूंना कळावं म्हणून तुम्ही चौकातल्या फलकावर एकदाच दोन ओळी लिहा, त्याचा उल्लेख न करता.

व्हीपीएनविषयी थोडक्यात. ते बहुधा भाड्याच्या सर्व्हरांवरून चालतात. भाड्याच्या सर्व्हरांच्या रेंजवरून नवी पात्रं तयार होणं बंद ठेवलंत तर त्याचं नुकसान घरगुती नेटच्या बॅनपेक्षा पुष्कळ कमी असतं, कारण तिथून घरगुती ग्राहक क्वचितच येतो. तरीही काही जणांना व्हीपीएनशिवाय इलाज नसतो, म्हणून जुन्या खात्यांना अडवू नका आणि दाराशी मेलचा पत्ता असू द्या.

कंपनीकडे तक्रारही करून ठेवा. अशा तक्रारींसाठी ‘अब्यूज’ नावाचा मेलबॉक्स ठेवावा, असा संकेत १९९७ पासून आहे. पत्ता कोणत्या कंपनीचा आणि तक्रार कुठे करायची हे हूइज या पत्त्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत सापडतं. तक्रारीत तारीख, सेकंदापर्यंत वेळ, कोणत्या टाइम झोनची वेळ ते, आयपी पत्ता आणि त्याच्या बाजूचा पोर्ट नंबर, म्हणजे त्या एका कनेक्शनचा क्रमांक, द्या. हा पोर्ट नंबर लोक विसरतात. एका पत्त्यामागे शेकडो घरं असताना त्यातलं नेमकं कोणतं, हे कंपनीला पोर्टवरूनच शोधता येतं. सर्व्हरने पोर्टही नोंदवावा ही शिफारस २०११ पासून आहे, आणि जुन्या मडच्या कोडमध्ये ती ओळ नसते. तुमच्याकडेही नसेल तर आजच घाला. उत्तर येईल या भरवशावर थांबू नका.

तुमच्या मैत्रिणीबद्दल. पत्रात तिचं एकच वाक्य आहे, ‘एकदाचा विषय संपेल’. हे वाक्य फार थकलेल्या माणसाचं आहे. बॅनच्या बाजूने की विरुद्ध, हा वाद क्षणभर बाजूला ठेवा आणि तिला विचारा की तो तिला खासगीत काय लिहितो. अ‍ॅडमिन बाई आहे असं कळलं की चॅनलवर न दिसणारं बरंच काही तिच्या वाट्याला येतं, आणि ती ते तुम्हाला दाखवेलच असं नाही. त्यात धमक्या असतील, तिचं खरं नाव किंवा घरचा पत्ता काढल्याची भाषा असेल, तर गोष्ट आपल्या बॅनच्या यादीच्या बाहेर गेली. ते लॉग जसेच्या तसे जपून ठेवा आणि पोलिसांकडे जा, तिच्यासोबत जा. तसं काही नसेल तर रात्री वाटून घ्या. एक दिवस तुम्ही, एक दिवस ती, आणि सुट्टीच्या रात्री दुसऱ्याने लॉगिनच करायचं नाही. दोन जुने, शांत डोक्याचे खेळाडू निवडून त्यांना फक्त म्यूट करायचा अधिकार द्या. बॅनचा नको.

दोघांत निर्णय अडतोय, त्याचं कारण तुमच्याकडे लिहिलेला नियम नाही, असं मला दिसतं. लॅम्डामू नावाच्या गाजलेल्या गेमवर १९९३ मध्ये एकाने दुसऱ्यांच्या पात्रांवर शब्दांनी घाणेरडे अत्याचार केले. लोकांनी जमून बरीच चर्चा केली, काही ठरेना. शेवटी एका अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर ते पात्र पुसून टाकलं. तो माणूस थोड्याच दिवसांत नव्या नावाने परत आला. पण चालक पावेल कर्टिसने त्यानंतर खेळाडूंनीच अर्ज करायचे आणि मत द्यायचं, अशी पद्धत सुरू केली. तुमच्या चाळीस जणांना मतदानाची गरज नाही. अर्धं पान पुरे: कशासाठी म्यूट, कशासाठी बॅन, किती दिवसांचा, दाद कुठे मागायची. मोठ्या रेंजचा कोणताही बॅन दोघांच्या संमतीनेच, आणि लावतानाच संपायची तारीख लिहून.

त्या माणसाला काढताना तुम्ही मुदत सांगितली होती का, की कायमचं? त्याने फसवणूक केली होती, काढणं रास्तच होतं. पण दोन महिने रोज रात्री येणाऱ्या माणसाला त्या जागेचं काहीतरी लागतं, एवढं मी इतक्या वर्षांत शिकले आहे. त्याचा जुना मेल असेल तर एकदाच लिहा: आजपासून सहा महिने एकही प्रकार झाला नाही तर तुझा अर्ज आम्ही वाचू. दुसरा मेल करायचा नाही, वाटाघाट करायची नाही. माझ्याकडे हे तीनदा करून झालं. दोघांनी उत्तरात शिव्या पाठवल्या, तिसरा आठ महिन्यांनी आला आणि नीट राहिला.

सातव्या दिवशी बॅन काढा, तो त्या रात्री आला असला तरी. तोवर रोज सकाळी लॉगमध्ये बघा की त्या कंपनीकडून नवं पात्र करायला कितीजण आले आणि परत गेले. एकामागून एक दहा वेळा धडका देणारा तो असेल. एकदाच येऊन, दाराशी लिहिलेलं वाचून गेलेले वेगळे मोजा, आणि त्यातल्या किती जणांचे मेल आले तेही लिहून ठेवा. हे दोन आकडे मैत्रिणीसमोर ठेवा, मग पुढचं दोघं मिळून ठरवा. मलाही कळवा, मी वाट बघेन.